तुम्ही विचारलंत म्हणून : जपलेली गाडी ट्रॅकवर का घासता?

विचारणारे बदलतात, प्रश्न तोच. जत्रेत भेटलेले नातेवाईक विचारतात, पेट्रोल पंपावरचा पोरगा विचारतो, परवा तर दाताच्या डॉक्टरने माझं तोंड उघडं असताना विचारलं. "काका, एवढे पैसे घालून जुनी गाडी उभी केलीत. आता कव्हर घालून जपायची सोडून मद्रासच्या रेस ट्रॅकवर नेऊन कशाला घासता?" तोंडी मी थट्टेवारी नेतो, कारण खरं उत्तर लांबलचक आहे. ते एकदा लिहूनच टाकतो.

गाडी म्हणजे पोर्शे ९४४, मॉडेल १९८६. दोन दारं, मागे काचेचं भलंमोठं झाकण, बटण दाबलं की बॉनेटमधून उठून बसणारे हेडलाइट. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, १६३ हॉर्सपॉवर. पोर्शे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ९११ येते, त्यामुळे "ही काय खरी पोर्शे नव्हे" असं ऐकवणारा एखादा शहाणा भेटतोच. त्याचं म्हणणं असं की हिची जुळणी नेकार्सुल्मला, ऑडीच्या कारखान्यात झाली. झाली खरी. मग? गोव्याच्या सासष्टी तालुक्यातल्या एका कुटुंबाने आखातातली नोकरी आटोपून परतताना ती सोबत आणली होती, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. मी पाहिली तेव्हा घराच्या भिंतीला टेकून घातलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती कित्येक पावसाळे उभी होती. आत सीटवर बुरशी, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी.

माझी नोकरी डिचोलीच्या खाणपट्ट्यात डंपर आणि एक्स्कॅव्हेटर दुरुस्त करण्यात गेली. तिथे एक गोष्ट हाडीमाशी मुरली, ती अशी की गोव्यात मशीन चालून मरत नाही, उभं राहून मरतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर एवढंच. बाकीचं का आणि कसं, ते सांगतो.

मृगापासून चवथीपर्यंत इथली हवा पिळली तर पाणी निघेल. त्यात किनाऱ्यावरून मीठ येतं. ९४४च्या पत्र्याला हे फारसं बाधलं नव्हतं, कारण पोर्शेने सत्तरच्या दशकाच्या मध्यापासूनच बॉडीच्या पत्र्यावर जस्ताचा थर द्यायला सुरुवात केली होती. सडला होता तो विंडस्क्रीनखालचा बॅटरीचा ट्रे. हे या मॉडेलचं जुनं दुखणं, बॅटरीचं ॲसिड आधी रंग खातं, मग पत्रा. बाकी गंज लपलेल्या जागी होता. ब्रेक कॅलिपरच्या पिना जाम. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली. अर्थिंगच्या प्रत्येक टोकावर हिरवी पूड. सायलेन्सर बाहेरून धडधाकट, हातोडीने ठोकला तर भसकन आत गेला.

सायलेन्सरची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं. ते वाफ होऊन बाहेर पडतं, पण केव्हा? एक्झॉस्टची नळी शेवटपर्यंत तापली तर. गाडी "चालू राहावी म्हणून" रविवारी दहा मिनिटं दारात सुरू ठेवणारे आपण सगळे त्या नळीत पाणी भरून ठेवत असतो. इंजिन ऑइलचंही तसंच. गार इंजिनमध्ये ऑइलात ओल साचते, आणि ती उडून जायला ऑइल चांगलं शंभर अंशांच्या आसपास जाऊन तिथे काही वेळ राहावं लागतं. डिचोलीच्या बाजारातून दूध आणून हे होत नाही. शेजारच्या साखळी गावापर्यंत जाऊनही नाही.

गाडी उभी करण्यात मला जे हात लाभले ते सगळे खाणी आणि नदीवरचे. २०१२ साली खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने परत बंद. त्या काळात आमच्या भागात उत्तम टर्नर आणि वेल्डर हात बांधून बसले होते. पेट्रोलचे आणि पॉवर स्टिअरिंगचे होज मी परदेशातून मागवले नाहीत, एक्स्कॅव्हेटरचे हायड्रॉलिक होज दाबून देणाऱ्या दुकानातून करून घेतले. पेट्रोलच्या होजचं रबर मात्र मुद्दाम इथेनॉल सोसणारं घेतलं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि १९८६च्या रबराला ते मानवत नाही. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, म्हणजे टाकी अर्धी ठेवून पावसाळाभर गाडी उभी केली की आत काय होत असेल ते ओळखा. बॅटरीच्या ट्रेसाठी नवा पत्रा जोडून घेतला आणि त्यावर मांडवीकाठच्या बार्ज यार्डात करतात तसं काम केलं. आधी सँडब्लास्टिंग, मग जस्ताचा इपॉक्सी प्रायमर, मग रंग. खाऱ्या पाण्यात वर्षभर उभ्या राहणाऱ्या बार्जला जे टिकतं ते माझ्या गाडीला टिकणारच.

सगळ्यात वेळ खाल्ला तो क्लचने. ९४४मध्ये इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांमध्ये, डिफरन्शिअलला लागून. दोघांना जोडणारी एक जाड नळी, टॉर्क ट्यूब, आणि तिच्या पोटात इंजिनच्याच वेगाने फिरणारा बारीक शाफ्ट. वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मंनिम्मं पडावं म्हणून ही रचना. क्लच मात्र पुढे इंजिनला चिकटून, त्यामुळे नुसती क्लच प्लेट बदलायची तरी आधी सायलेन्सर काढा, मग गिअरबॉक्स उतरवा, मग ती अख्खी नळी मागे सरकवा. आमचा टर्नर पिटाखाली उतरला, टॉर्च मारून पुढून मागे बघत गेला आणि वर तोंड करून म्हणाला, "पात्रांव (मालक), कितें हें? इंजीन मुखार आनी गियरबॉक्स फाटल्यान (मागे)?" मी हो म्हटलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "जाका हें सुचलें, ताणें केन्नाच क्लच बदलूंक ना." म्हणजे, ज्याला हे सुचलं त्याने कधीच क्लच बदललेला नाही. जर्मन इंजिनिअरिंगवर इतकी नेमकी टीका मी दुसरीकडे वाचलेली नाही. नळीतली बेअरिंगं खडखडत होती, तीही त्यानेच प्रेसवर बसवून दिली.

इंजिनात अजून एक करामत आहे. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन म्हटलं की ते थरथरणार. ती थरथर मारायला दोन बॅलन्स शाफ्ट, इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या दुप्पट वेगाने आणि एकमेकांच्या उलट फिरणारे. कल्पनेचं पेटंट मित्सुबिशीकडे होतं, पोर्शेने चक्क परवाना घेऊन वापरली. त्या शाफ्टचा पट्टा एका दाताने जरी चुकीचा बसला तरी आयडलला स्टिअरिंग हातात गुणगुणतं. टायमिंगचा पट्टा वेगळा, आणि तो तुटला तर पिस्टन वाल्व्हवर आपटून हेड कामातून जातं. दोन्ही पट्टे, वॉटर पंप, सील एकदमच बदलले. यात काटकसर करणाऱ्याने ही गाडी घेऊच नये.

आता ट्रॅक. गोव्यात एकही कायमचा रेस ट्रॅक नाही. दक्षिणेतले नावाजलेले म्हणजे कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटरचा, आणि चेन्नईबाहेर श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टैचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट, ३.७१७ किलोमीटरचा. दोन्ही इथून ९०० किलोमीटरच्या आसपास. मी मद्रासच्या सर्किटवर जातो आणि गाडी चालवत नेतो. ट्रकवर घालून नेली तर अर्धी परीक्षा बुडाली. चोर्ला घाट, बेळगाव, हुबळी, बंगळुरू. ग्लोव्ह बॉक्समध्ये एक जादा डीएमई रिले, म्हणजे विजेचा आपोआप चालणारा स्विच असतो, कारण हा काडेपेटीएवढा रिले गेला की इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाची वीज तुटते आणि गाडी जागच्या जागी बंद पडते. आतले सोल्डर जुने होऊन चिरतात, एवढंच कारण. ज्याला हे माहीत नसतं तो इंजिन उघडून बसतो.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हेही लोकांना सांगावं लागतं. नंबर नसतो, बक्षीस नसतं. हेल्मेट, गाडीची तपासणी, मग पंधरा-वीस मिनिटांचं एकेक सत्र, आणि मागून वेगवान गाडी आली की हात दाखवून वाट द्यायची. मी बहुतेक वेळा वाट देणाऱ्यांतला. पोरं आजकालच्या टर्बो हॅचबॅक घेऊन सरळ रस्त्यावर मला आरामात मागे टाकतात. वळणात हिशेब थोडा बदलतो, तिथे ते निम्मंनिम्मं वजन कामाला येतं.

पण मी तिथे जातो ते ब्रेकच्या पॅडलसाठी आणि ऑइल प्रेशरच्या काट्यासाठी.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांना उकळतं. त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की तोच किमान आकडा १५५वर येतो. फोंड्याच्या रस्त्यावर हा फरक कधीच कळणार नाही, कारण तिथे ब्रेक तेवढे तापतच नाहीत. सर्किटवर सरळ रस्त्याच्या शेवटी दर फेरीला पूर्ण जोराने ब्रेक दाबता, आणि चौथ्या-पाचव्या फेरीला पॅडल जरा जास्त खोल जाऊ लागलं तर समजायचं, ऑइलात पाऊस शिरलाय. या गाडीला एबीएस नाही, चाक कधी लॉक होतंय ते तळपायालाच कळावं लागतं. कॅलिपरची एखादी पिन पुन्हा अडकू लागली असेल तर गाडी ब्रेकला किंचित एका बाजूला ओढते. हे सगळं घरी जॅकवर चाक फिरवून सापडत नाही. मी पावसाळा संपला की ब्रेक ऑइल बदलतो, मग ट्रॅक.

आणि तो काटा. ९४४ला ऑइल प्रेशरचं मीटर आहे, पाच बारपर्यंतचं. लांबलचक वळणात सगळं ऑइल संपच्या, म्हणजे इंजिनच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्याच्या एका बाजूला जातं, ऑइलचा पंप क्षणभर हवा ओढतो, आणि पहिला मार बसतो तो दोन नंबरच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला. अनेक ९४४ ट्रॅकवर याच बेअरिंगने गेल्या आहेत. म्हणून माझ्या संपमध्ये ऑइल अडवणारे पत्रे बसवून घेतलेत, आणि ट्रॅकच्या दिवशी ऑइल अर्धा लिटर जास्त. तरीही त्या वळणात माझं अर्धं लक्ष काट्यावर असतं. काटा चारवर उभा राहिला की संपमधलं वेल्डिंग, पंप, बेअरिंग या सगळ्यांची पावती मिळते. कधी जरा लवला, की मी पाय काढतो, ते सत्र सोडून पिटमध्ये येतो. गाडी चमकवून प्रदर्शनात उभी केली असती तर दुरुस्ती चांगली झाली की नुसती चांगली दिसते, हे मला कोण सांगणार होतं? प्रदर्शनवाल्यांबद्दल राग नाही. पण पांढरे हातमोजे घालून बॉनेट उघडणाऱ्या माणसाशी माझं पाच मिनिटांवर जमत नाही.

परतताना गाडीचा आवाज बदललेला असतो, हे मी म्हणतो आणि बायको हसते. आवाजाचं जाऊ द्या. ऑइल कोरडं होतं, एक्झॉस्ट आतून भाजून निघतो, ब्रेकच्या डिस्कवरचा तांबूस थर जातो, क्लच प्लेट मोकळी राहते. टायर झिजतात, ब्रेकचे पॅड झिजतात. ते झिजण्यासाठीच असतात आणि चाकं पंधरा इंची असल्यामुळे टायर इथल्या दुकानात मिळतात. गंजाने गेलेली वस्तू मात्र स्टुटगार्टहून मागवावी लागते, आणि कस्टम्समध्ये तिची किंमत पुन्हा एकदा मोजावी लागते.

खर्च किती झाला हे मी सांगत नाही. घरात वाचतात.

सरकारी बाजू सांगतो, कारण तिकडे खरी गंमत आहे. पन्नास वर्षं झालेली गाडी "व्हिंटेज" म्हणून वेगळी नोंदता येते. माझी अजून त्या वयाची नाही. वीस वर्षांवरच्या आयात गाडीचं रजिस्ट्रेशन नूतनीकरण करायची फी मात्र २०२५मध्ये ८० हजार रुपयांवर नेली, त्यात पाच वर्षं निघतात. म्हणजे म्हाताऱ्यांच्या सवलतीला लहान आणि दंडाला म्हातारी. शिवाय व्हिंटेज नोंदणी झाली की रोजच्या वापराला बंदी येते, तेव्हा ती मिळाली तरी मी घेईन की नाही शंकाच आहे.

शेवटी, ज्यांनी गाडी आतून पाहिली आहे त्यांचा एक पुरवणी प्रश्न असतो : सगळं केलंत, मग डॅशबोर्डवरच्या चिरा तशाच का? या गाड्यांचे डॅश उन्हात तडकतातच, माझ्याला तीन लांब चिरा आहेत, एक तर थेट मीटरच्या कडेपर्यंत गेलीय. वरून चिकटवायचं नवं आवरण मिळतं. पण त्या पैशांत पॅडचा एक जोड येतो, आणि नोव्हेंबरात मला पॅड लागणार आहेत.