"ओल्ड टाइप कर"

शाळेच्या मेळाव्याच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला आणि मला पहिल्यांदा आठवले ते कॉम्प्युटरचे सर. स्नेहसंमेलन, मैदान, बक्षिसं यावर बाकीचे लिहितीलच, मी फक्त सरांबद्दल लिहिणार आहे.

लॅबमधलं बीबीसी मायक्रो हे तेव्हाचं कॉम्प्युटर, ३२ केबी मेमरी, २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर, आणि एका मशीनपुढे आम्ही चौघं. नववीत असताना मी तासभर खपून वर्तुळं काढायचा प्रोग्राम टाइप केला आणि सेव्ह करायच्या आधीच चुकून ब्रेक दाबलं, ते बटण लाल फंक्शन कीजच्या रांगेतच शेवटी होतं ना. स्क्रीन साफ. लिस्ट (प्रोग्रामच्या ओळी दाखवणारी आज्ञा) केलं तर एकही ओळ नाही. डोळ्यात पाणीच आलं. सर मागेच उभे होते, रागावले नाहीत, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, कुठे गेलं नाहीये ते. ओल्ड टाइप कर." केलं, परत लिस्ट केलं, आणि सगळ्या ओळी जशाच्या तशा!

आज इतकी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, माझ्या हाताखाली मोठी टीम आहे, आणि याची सुरुवात त्या दिवशी झाली असं मी मनापासून मानतो. मागच्या महिन्यात लॅपटॉपवर बीबएम हा एम्युलेटर, म्हणजे त्या जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, टाकला, सुरू होताना तोच दोन सुरांचा बीप ऐकून अंगावर काटा आला. तोच प्रोग्राम परत लिहिला आणि मुद्दाम ब्रेक दाबलं (इथे ते एफ १२ वर आहे), मग डीबगरमध्ये (मेमरीत आत काय आहे ते दाखवणारं साधन) मेमरी उघडून बघितली. प्रोग्राम सगळा जागेवर! फक्त पहिल्या ओळीच्या नंबरच्या दोन बाइटपैकी (एका बाइटमध्ये ० ते २५५ मावतात) वरच्या बाइटमध्ये २५५ बसलेलं, त्यामुळे बेसिकला, म्हणजे त्या मशीनच्या प्रोग्रामिंगच्या भाषेला, वाटतं प्रोग्राम इथेच संपला. ओल्ड तिथे शून्य टाकतं, एवढंच. आणि तेव्हा कळलं सर पहिली ओळ १० नंबरचीच हवी असा हट्ट का धरायचे, पहिला नंबर २५५ च्या वर असला तर त्या शून्यामुळे तो बदलून जातो. सरांनी कारण कधी सांगितलं नाही, सवय मात्र लावली.

जुनी मशीन आता लॅबमध्ये नाहीत म्हणे, एखादं तरी ठेवायला हवं होतं. एम्युलेटर कितीतरी पट वेगाने पळवता येतो, मी मात्र २ मेगाहर्ट्झवरच ठेवतो, वर्तुळ हळूहळू पुरं होताना बघायला. मेळाव्याला लॅपटॉप घेऊन येतोय. सर आले तर ब्रेक त्यांनाच दाबायला सांगणार.