जुन्या बॅटरीचा भाव

आमच्या दुकानात नव्या बॅटरीपेक्षा जुन्या बॅटरीवर जास्त घासाघीस चालते. नवीचा भाव गिऱ्हाईक मोबाईलवर बघूनच येतं. जुनी मात्र काट्यावर चढवायची, आकडा दाखवायचा, मग "मागच्या वेळेला जास्त दिलासा की ओ" हे ऐकून घ्यायचं आणि शेवटी चहावर मिटवायचं. बेळगावच्या शहापूर-खडेबाजार भागात बॅटरी-इन्व्हर्टरचा धंदा करणाऱ्या कुणालाही विचारा, हेच सांगेल.

ही घासाघीस चालू राहिली पाहिजे असं माझं मत आहे. इन्व्हर्टरची दीडशे एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी पाण्यासकट पन्नास-साठ किलो भरते आणि त्यातलं निम्म्याहून जास्त वजन शिशाचं. शिसं ३२७ अंशांना वितळतं, कितीही वेळा वितळवा, शिसं ते शिसंच. त्यामुळे कुणी शहाणा माणूस ती बॅटरी उकिरड्यावर टाकत नाही. कुठल्या योजनेशिवाय, कुणाच्या भाषणाशिवाय, आमच्या वडलांच्या काळापासून ती गिऱ्हाइकाकडून दुकानात आणि दुकानातून पुढे जाते आहे. पुनर्वापर म्हणून आज जे शिकवतात ते आम्ही नाव न घेता करत आलो.

गडबड होते ती दुकानातून निघाल्यावर. बॅटरी उभीच्या उभी, ऍसिडसकट, टोपणं लावून नोंदणीकृत कारखान्यात गेली तर तिथं ऍसिडचा आंबटपणा मारतात, बंद भट्टीत प्लेटा वितळवतात आणि धूर गाळून सोडतात. हा खर्चाचा मामला. भंगारातला माणूस म्हणतो, पाण्याचं वजन कशाला वाहून न्यायचं? तो बॅटरी गटाराच्या कडेला उपडी करतो. मग कुऱ्हाड. प्लास्टिक एकीकडे, प्लेटा दुसरीकडे, आणि कुठंतरी माळावर रात्रीची भट्टी. त्या धुरातलं शिसं माती, पाणी आणि पोरांच्या अंगात जातं. पोरांच्या मेंदूला ते किती चालतं? जागतिक आरोग्य संघटनेचं उत्तर सरळ आहे: सुरक्षित असं प्रमाणच नाही.

ऍसिड काय करतं ते आम्हाला अंगावरच कळतं. सुती शर्टावर थेंब पडला तर त्या दिवशी काही दिसत नाही. शर्ट धुवायला टाकला की तेवढीच जागा जाळीसारखी उसवून येते. म्हणून दुकानात आम्ही टेरीकॉट घालतो. दारातल्या फरशीवर जिथं पोरं बॅटऱ्या टेकवतात, तिथला गुळगुळीतपणा जाऊन ती आता खडबडीत पांढरी झालेली आहे. थेंबाथेंबाचं हे काम. गटारात लिटरच्या लिटर जात असेल तर ते कुठं जातं? आमच्याकडे गटाराचं पाणी बळ्ळारी नाल्याला मिळतं, आणि नाला शहापूर-वडगावच्या शिवाराला. पावसाळ्यात तो फुगला की पाणी दिवसच्या दिवस भातात उभं राहतं. ज्या बासमतीचं नाव आपण पाहुण्यांसमोर काढतो, ती त्याच शिवारातली.

कायदा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राचे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले आणि २००१ चे जुने नियम गेले. बॅटरी जमिनीत पुरायची नाही, जाळायची नाही. कंपनीने जितक्या विकल्या त्या हिशेबात परत गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी तिच्यावर. गिऱ्हाइकाने ती इतर कचऱ्यात मिसळायची नाही. बॅटरीवर चाकाच्या कचरापेटीचं चित्र आणि त्यावर फुली असते बघा, ती याचसाठी. नियम केंद्राचा, त्यामुळे सीमेपलीकडच्या महाराष्ट्रातल्या शिनोळीला एक आणि बेळगावला दुसरा असा प्रकार नाही. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, पण बॅटरीच्या बाबतीत दोन्हीकडचे आपण एकाच कायद्याखाली! तेवढंच समाधान.

आता ज्याला भाव नाही त्याचं बोलू. घड्याळाचा सेल, टीव्हीच्या रिमोटचे दोन सेल, फुगलेला मोबाईल, मुलाच्या खेळण्यातली चपटी बॅटरी. यांना काट्यावर कोण चढवणार? ते घंटागाडीत जातात, सुक्या कचऱ्यात, आणि तिथून तुरमुरी गावच्या कचरा डेपोत. फुगलेली लिथियम बॅटरी कॉम्पॅक्टरच्या दाबाखाली सापडली तर पेट घेते, आणि भोवती कागद-प्लास्टिक असतंच. डेपोत आग लागली की तुरमुरीची माणसं धूर खातात आणि आपण शहरात बसून पेपरात वाचतो.

२०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलेलं होतं की घरातला घातक कचरा, म्हणजे सेल, ट्यूबलाइट, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधं, यांच्यासाठी महापालिकेने दर वीस चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र करावं. बेळगावचा पसारा बघता अशी चार-पाच केंद्रं म्हणजे काही मोठा घाट नाही. मी दुकानापुरतं म्हणून कोपऱ्यात वाळूची बादली ठेवली आहे. टोकांना चिकटपट्टी लावायची आणि त्यात टाकायचं. शाळेची पोरं जास्त आणतात, मोठी माणसं विसरतात. बादली भरल्यावर मात्र ती पोचवायची कुठं, हा प्रश्न घेऊन मी एका कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी बादलीतून साप घेऊन आलोय. माणूस वाईट नव्हता, त्याच्या टेबलावर हा विषयच कधी आला नव्हता. शेवटी आमच्या कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरला गळ घातली, तो आता माल उतरवून जाताना परत नेतो.

स्वच्छ विजेची गंमत याहून निराळी. जुलै २०२३ पासून कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना आली. मागच्या वापराच्या सरासरीवर दहा टक्के जादा, कमाल २०० युनिटपर्यंत बिल शून्य. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये छपरावर सोलर पॅनेल लावायला केंद्राची सूर्यघर योजना आली. एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्यावर ७८ हजार अनुदान. आता तुम्हीच सांगा, ज्याचं बिल शून्य येतं तो छपरावर पॅनेल कशाला लावेल? माझ्याकडे चौकशीला येतात ते मोठं घर, एसी, गिरणी, लॉज असणारे. साध्या घरातला माणूस विचारतो, "फुकट मिळायलंय ते सोडून हे कशाला करूस सांगूलायसा?" त्याच्या हिशेबात चूक काढता येत नाही. एका हाताने विजेचा भाव शून्य करायचा आणि दुसऱ्या हाताने वीज तयार करायला अनुदान द्यायचं, हे दोन वेगळ्या सरकारांनी केलं म्हणून ते जुळत नाही, एवढंच.

ज्यांनी बसवलं त्यांचे फोन वेगळेच. दुरुस्तीसाठी वीज बंद असते त्या दिवशी भर उन्हात तक्रार येते: "वर पॅनेल तापायलंय, खाली फॅन बंद. काय बसवलासा हे?" समजावून सांगावं लागतं की हे ऑन-ग्रिड आहे, म्हणजे खांबावरच्या लाईनला जोडलेलं. लाईन गेली की ते मुद्दाम बंद पडतं, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छपरावरून शॉक बसेल. मग गिऱ्हाईक म्हणतं, लाईन गेल्यावरही चालेल असं करून द्या. म्हणजे हायब्रीड, म्हणजे पुन्हा बॅटरी. माझा धंदा होतो, नाही कशाला म्हणू. पण छपरावर जितकं ऊन गोळा होणार तितक्या बॅटऱ्या खाली साठणार, हे योजनेच्या पत्रकात लिहिलेलं नसतं.

हवेचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझं ज्ञान काउंटरवरच्या धुळीइतकंच. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात कर्नाटकातली बेंगळूर, हुबळी-धारवाड, दावणगेरे आणि कलबुर्गी आहेत, बेळगाव नाही. यादीत नाही म्हणून निधीही नाही. उद्यमबागेच्या कारखान्यांत कोकवरच्या क्युपोला भट्ट्या जाऊन बऱ्याच फाउंड्रीत विजेच्या इंडक्शन भट्ट्या आल्या, तो काळा धूर पूर्वीसारखा दिसत नाही. पण खणलेले रस्ते तसेच, आणि हंगामात चिकोडी-निपाणीकडे जाताना तोडणीनंतर पेटवलेला उसाचा पाला हायवेवरून दिसतो. कचरा उघड्यावर जाळला तर पाच हजार दंड, असा हरित लवादाचा २०१६ चा आदेश आहे. आमच्या गल्लीत झाडलोट झाल्यावर पाला पेटवतात तेव्हा पावती फाडायला कोण येणार?

इलेक्ट्रिक रिक्षा आणि स्कूटर वाढल्या, हे हवेला चांगलंच. फक्त एक मुद्दा शोरूममध्ये सांगत नाहीत. यातल्या बऱ्याच गाड्यांत आता एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीची बॅटरी येते. ती तापून पेटण्याच्या बाबतीत जास्त भरवशाची. पण तिच्यात निकेल नाही, कोबाल्ट नाही, म्हणजे भंगारात तिला फारसा भाव नाही. शिशाच्या बॅटरीला भाव आहे म्हणून ती घरी परत येते. हिला नाही, म्हणून ही कुठंतरी झुडपात पडायची. नियमात २०२६-२७ पासून अशा बॅटरीतला ९० टक्के माल परत काढायचं बंधन आहे, पण आधी ती बॅटरी कारखान्यापर्यंत पोचली पाहिजे ना? ते काम दिल्लीतून होत नाही, ते वॉर्डातून होतं.

त्यामुळे माझं मागणं छोटं आहे. बिलं भरायला लोक कर्नाटक वन केंद्रात जातातच, तिथं एक पत्र्याची, वाळू घातलेली पेटी ठेवा. वर कन्नड आणि मराठी दोन्हीत लिहा, आमच्या म्हाताऱ्यांना वाचता येईल. आणि सेल आणून देणाऱ्याला काहीतरी द्या, पाणीपट्टीत दहा रुपये सूट द्या, काहीही द्या. फुकट कुणी काही परत करत नाही, हे या धंद्यात शिकलो आहे.

तोवर आमची बादली आहे. सेल आणणार असाल तर टोकांना चिकटपट्टी लावून आणा, फुगलेला मोबाईल खिशात घालून आणू नका, डब्यात वाळू घालून आणा. आणि दुपारी एक ते चार येऊ नका, दुकान बंद असतं.