धुळे-दोंडाईचा: जुन्या ब्राउनिंग पिस्तुलाचा भाव ठरवताना

जळगावहून धुळ्याला रेल्वेने जायच्या भानगडीत पडू नका. चाळीसगावला गाडी बदलावी लागते आणि पुढची गाडी तुमच्या सोयीने सुटत नाही. एरंडोल, पारोळा करत जाणारी एसटी बरी. हत्यारांची दुकानं सकाळी उघडतात, पण मालक लोक निवांत येतात, त्यामुळे अकराच्या आत पोचून उपयोग नाही. मी तो वेळ शेवभाजी आणि पावात घालवला. झणझणीत होती.

माझ्या परवान्यावर पिस्तुलाची जागा मोकळी आहे आणि बोअर, म्हणजे नळीचं माप, .32 लिहिलेला आहे. जुनं विलायती हत्यार हवं होतं, चालू स्थितीतलं. ज्यांच्याकडे परवाना आहे आणि हाच शोध चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. परवाना नसेल तर दुकानात जाऊ नका. हातात देत नाहीत, देऊही नये.

आधी भावाचं गणित. आपल्याकडे खासगी माणसाला बाहेरून हत्यार आणणं ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून जवळपास बंद आहे. म्हणजे देशात जी जुनी ब्राउनिंग, वॉल्थर, वेब्ली ही विलायती हत्यारं आहेत तेवढ्यांतच फिरवाफिरवी चालते. परदेशात अशाच पिस्तुलाला किती पडतात हे मोबाइलवर बघून जाऊ नका, दुकानदार हसतो. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने माणशी तीनऐवजी दोनच हत्यारांची मर्यादा आली, तिसरं असणाऱ्यांना ते जमा करावं लागलं. जुना माल दिसतो तो काही असा, आणि बराचसा वारसांकडून आलेला. एवढं असूनही भाव उतरलेले नाहीत.

दुकानात दोन ब्राउनिंग होती, दोन्ही बेल्जियमच्या एफएन कारखान्याची, 1910 मॉडेल, 7.65 मिलिमीटर, म्हणजे .32 च. एक काळंभोर चकाकणारं, दुसरं करड्या रंगाचं, कडांवर ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा काळा-निळा मुलामा, उडालेलं. चकाकणाऱ्याचे मालकाने चार लाख सांगितले आणि लगेच जोडलं, "ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारलं ना साहेब, ते हेच." मॉडेल तेच खरं, पण 1914 साली सारायेव्होत वापरलेलं पिस्तूल 9 मिलिमीटर शॉर्ट या वेगळ्या काडतुसाचं होतं. असल्या इतिहासाचे पैसे कुणी मागितले तर चहा पिऊन उठावं.

दुसरं पिस्तूल दुकानाचं नव्हतं. दोंडाईच्याच्या एका कुटुंबाने वडिलांच्या पश्चात दुकानात जमा म्हणून ठेवलेलं. अपेक्षा साडेतीन लाख. दोन्ही टेबलावर घेतली. मॅगझिन (काडतुसं भरायचं खोकं) काढलं, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून नळीचा मागचा भाग डोळ्यांनी आणि करंगळीने तपासला. या मॉडेलला बाहेर घोडा नाही, त्यामुळे भरलेलं आहे की नाही ते नुसतं बघून कळत नाही. दुकानदाराने आत्ताच बघितलं म्हटलं तरी आपण पुन्हा बघायचं, त्यात कुणाचा अपमान नसतो.

सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचे दात बघतात तसे इथे आधी नंबर बघायचे. 1910 मॉडेलवर नंबर तीन जागी असतो: फ्रेमवर (मुठीसकटचा सांगाडा), स्लाइडवर आणि नळीवर. नळीवरचा नंबर काडतूस बाहेर पडायच्या खिडकीतून दिसतो. चकाकणाऱ्याचे फ्रेम आणि स्लाइड जुळले, नळी दुसऱ्याच पिस्तुलाची निघाली. मालक म्हणाला, "नळी बदलली म्हणजे चांगलीच ना, नवी आहे." चालायला चांगली असेल, पण जुन्या वस्तूचा भाव मागायचा तर वस्तू अख्खी जुनी हवी.

मग पॉलिश. स्लाइडच्या डाव्या अंगावर कारखान्याचं नाव आणि हर्स्टाल गावाचं नाव कोरलेलं असतं. मूळ पृष्ठभागावर त्या अक्षरांच्या कडा नखाला लागतात. चकाकणाऱ्यावर अक्षरं लोण्यात बोट फिरवल्यासारखी बुजली होती, पिनांच्या भोकांभोवती खळगे पडले होते आणि लिएजच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे हत्यारांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचे, बारीक शिक्के अर्धे गायब. गंज घासून काढून वर नवं ब्लूइंग चढवलेलं. करडं पिस्तूल दिसायला गरीब, पण शिक्के सगळे वाचता येत होते. चकाकी बघून भाव वाढवून देणारे गिऱ्हाईक आहेत म्हणून हा उद्योग चालतो.

नळीसाठी खिशात पांढरा कागद ठेवा. स्लाइड मागे अडकवून खिडकीत कागद धरा आणि तोंडाकडून बघा. जुन्या काडतुसांच्या मसाल्यात क्षार असायचा, नळी वेळेवर धुतली नाही की तो ओल धरून आत खड्डे पाडायचा. करड्याच्या नळीत तोंडाशी थोडे खड्डे होते, आतले आटे (पेचदार खाचा) मात्र ठळक. आत कुठे काळी गोल सावली, कड्यासारखी, दिसली तर नळी फुगलेली आहे. अशा हत्याराचा भाव करू नका, ठेवून द्या.

शेवटी खटका. या मॉडेलला तीन सुरक्षा आहेत: डाव्या बाजूची कळ, मुठीच्या मागची पट्टी आणि मॅगझिनची. पट्टी न दाबता खटका ओढला तर काही व्हायला नको, मॅगझिन बाहेर असतानाही नको. मालकाला विचारून, नळी रिकामी असल्याची खात्री करून आणि तोंड भिंतीकडे ठेवून हे करून बघा. चकाकणाऱ्यावर मॅगझिन नसताना खटका पडला. कुणीतरी आत हात घातलेला. तिथेच माझा विषय संपला.

मग भाव काढायची रीत. त्याच दुकानात नव्या, सरकारी कारखान्याच्या .32 पिस्तुलाचा त्या दिवशीचा भाव विचारा. तो पाया. नंबर तिन्ही जुळत असतील, रंग मूळ असेल, मुठीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कारखान्याच्या असतील तर वर चढा. नळीत खड्डे, दुसरं मॅगझिन नाही, पट्टीला तडा, तर उतरा. मॅगझिन किरकोळ समजू नका, या मॉडेलचं मूळ मॅगझिन सुटं मिळवायला घाम फुटतो. करड्याची एक पट्टी तडकलेली होती आणि मॅगझिन एकच. माझ्या हिशोबात अडीच लाख.

धुळ्याहून दोंडाईचा एसटीने. मिरचीचा हंगाम असेल तर रुमाल जवळ ठेवा, बाजार समितीच्या आसपास ठसका लागतो. घरी मुलगा बोलायला बसला, पण कागद आईने आणले: वडिलांचा परवाना, जुन्या खरेदीची पावती, दुकानाची जमा पावती, जिल्हाधिकारी कार्यालयाचं विक्रीच्या परवानगीचं पत्र. परवान्यावरचा नंबर मी दुकानात टिपून आणलेल्या नंबराशी पडताळला. यातला एक जरी कागद नसता तरी भाव शून्य. पन्नास हजारांनी स्वस्त पण "कागद नंतर करू" अशी ऑफर आली तर समजून जा. सातपुड्याच्या कडेचं उमर्टी गाव गावठी पिस्तुलांवरच्या पोलिसांच्या कारवायांमुळे कायम बातम्यांत असतं, आणि गावठी मालावर विलायती नावं ठोकणं काही अवघड नाही.

मुलगा साडेतीनवर अडून होता. मी भाव घासला नाही, फक्त नळी, पट्टी आणि मॅगझिन यांचं काय ते सांगितलं. आई अहिराणीत म्हणाली, "तुमना मनमा जे व्हई ते द्या, पन कागद पक्का करा." पावणेतीनवर ठरलं. पंचवीस हजार जास्तच गेले, पण तिन्ही नंबर जुळणारं पिस्तूल रोज दिसत नाही.

पैसे लगेच मोजू नका. माणसाने माणसाला विकायचं तर विकणाऱ्याने जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं, शस्त्र कायद्यातच तसं आहे. तोवर हत्यार दुकानातच राहतं. तुमच्या परवान्यावर खरेदीची मुदत लिहिलेली असते, ती या 45 दिवसांत संपत नाही ना ते आधीच बघा. संपत असेल तर मुदतवाढीचा अर्ज त्याच आठवड्यात टाका. आणि काडतुसं मागताना "बत्तीसची" एवढंच म्हणू नका. रिव्हॉल्वरचं .32 वेगळं, लांब आणि बुडाला बाहेर आलेल्या काठाचं. पिस्तुलाचं 7.65 मागा, नाहीतर घरी येऊन डबी परत करायला पुन्हा धुळं.

परतीला दोंडाईच्याहून सुरत-भुसावळ लाइनची गाडी धरा, अमळनेर, धरणगाव करत थेट जळगावला सोडते. पॅसेंजरला गर्दी असते, पण जागा अमळनेरला होतेच.