मीटरचा लाल दिवा मोजताना : वडगावच्या घराची नोंद

आमच्या घराची मोफत विजेची मर्यादा महिन्याला १०१ युनिट. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०२२-२३ ची महिन्याची सरासरी धरतात आणि वर दहा टक्के देतात. आमची सरासरी ९२ होती. १०१ च्या पुढच्या युनिटांचे पैसे भरायचे, आणि २०० ओलांडले तर सगळंच बिल अंगावर. जूनचं बिल आलं १३४ चं, जुलैचं ११४ चं. वीस युनिट वाचले म्हणून घरात सगळे खूश झाले. मी दोन्ही बिलांवरच्या रीडिंगच्या तारखा बघितल्या. जूनचं बिल ३३ दिवसांचं, जुलैचं २८ दिवसांचं. भागून बघितलं तर दोन्हीकडे दिवसाला चार युनिटांच्या थोडं वर. काहीच वाचलं नव्हतं. तेव्हापासून मी महिन्याचा आकडा धरत नाही, दिवसाचाच धरतो.

सोप्यातल्या मीटरवर ३२०० इम्प असं छापलंय. म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. यातून सोपं गणित निघतं : दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद गेले ते मोजा आणि ११२५ ला त्यानं भागा, त्या घडीला घरात चालू असलेले वॅट मिळतात. तुमच्या मीटरवर १६०० असेल तर २२५० ला भागा.

पहिल्या रविवारी रात्री दिवे, पंखे, टीव्ही बंद केले, फ्रीजचा प्लगही काढला. दिवा थांबेल असं वाटलं होतं. तो दर २८ सेकंदांनी लुकलुकतच राहिला. ४० वॅट! दिवसरात्र चालले तर महिन्याला जवळजवळ २९ युनिट, तेही कुणी काही वापरत नसताना. मग एकेक काढत गेलो. सेटटॉप बॉक्सचा प्लग काढल्यावर अंतर ३९ सेकंद झालं, म्हणजे ११ वॅट त्याचे. रिमोटनं बंद केलेला बॉक्स आतून चालूच असतो. राऊटर सात वॅट. इन्व्हर्टर बंद केला तेव्हा पुढची लुकलुक यायला पाच मिनिटं लागली. तो एकटा १८ वॅट घेत होता. बॅटरी पाच वर्षांची आहे, पाणीही वरचेवर घालावं लागतं, त्यामुळे चार्जिंग कधी संपतच नसावं.

खरा वेळ फ्रीजनं घेतला. कॉम्प्रेसर लागला की अंतर सात सेकंदांवर यायचं, म्हणजे आधीचे ४० सोडून १२० वॅट. त्यात वावगं काही नव्हतं. पण तासाभर घड्याळ लावून बसलो तर कॉम्प्रेसर साठातली चाळीस मिनिटं चालू! दिवसाला १.९ युनिट, घरातल्या एकूण विजेचा जवळजवळ अर्धा भाग. दाराच्या कडेला पाणी साचायचं. "पावसाळी हवा हाय, घाम येतोय त्याला," आई म्हणायची. दहाची नोट दारात धरून दार लावलं, तर खालच्या कोपऱ्यात ती अलगद सुटून आली. रबर ताठ झालं होतं. दुरुस्तीवाल्याकडून नवीन बसवून घेतलं. दोन दिवसांनी परत मोजलं : साठात पंचवीस मिनिटं. दारावरचं पाणीही गेलं. इतकं समाधान मला नवीन फ्रीज आणला असता तरी झालं नसतं.

सेटटॉप बॉक्सच्या प्लगला आता वेगळा स्विच आहे, टीव्ही बघून झाला की आईच तो बंद करते. ऑगस्टची सरासरी दिवसाला ३.२ वर आली, तीस दिवसांचे ९६. मर्यादेच्या आत. इन्व्हर्टर मात्र चालूच ठेवलाय. पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि अंधारात आईनं पाय घसरून पडण्यापेक्षा १८ वॅट गेलेले मला चालतात. पाऊस ओसरला की बॅटरीचं बघतो.

आता आडावरची मोटर. इथं लुकलुक इतकी जलद की सेकंद मोजणं जमत नाही, मिनिटात किती वेळा ते मोजावं लागतं. ३२ वेळा, म्हणजे ६०० वॅट. टाकी भरायला २५ मिनिटं, एकूण ८०० लुकलुकी, पाव युनिट. आत्ता आड काठोकाठ आहे. एप्रिलमध्ये पाणी तळाला जाईल तेव्हा तीच टाकी किती लुकलुकींत भरते ते मोजणार. वहीत त्यासाठी पान सोडून ठेवलंय.