नखांचं निदान मिनिटात, रिपोर्टसाठी मात्र हेलपाटे

अंगठ्याची आणि पहिल्या दोन बोटांची नखं मधे खोलगट झाली होती. पाण्याचा थेंब ठेवला तर ओघळायचा नाही. आमच्या नाशिकमधल्या सातपूरच्या कॉलनीत सगळ्यांचं मत एकच, कॅल्शियम कमी पडलंय. गंगापूर रोडच्या त्वचेच्या डॉक्टरबाईंनी नखं उजेडात पाहिली, पापणी खाली ओढून बघितली, पाळीत किती जातं ते विचारलं. म्हणाल्या, "अशी नखं बहुतेक वेळा लोह कमी असल्यामुळे होतात. सीबीसी, म्हणजे रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी, आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, करा. तोवर लोहाची गोळी घेऊ नका, रिपोर्ट चुकेल."

सीबीसी संध्याकाळीच मिळाला. हिमोग्लोबिन ११.६. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ठीकच आहे मॅडम." ठीक कसलं? बायकांचं १२ च्या खाली गेलं की तो ॲनिमियाच.

फेरिटिन मात्र "बाहेर पाठवलंय, उद्या या." उद्या गेले तर सर्व्हर बंद. पुन्हा गेले तर रिपोर्टवाले म्हणाले बिलिंगला विचारा, बिलिंगवाले म्हणाले कलेक्शनला. दर वेळी ऑफिसातून अर्धी रजा, सिटीलिंकची बस, टोकन, आणि नंबर आला की जेवणाची सुट्टी. फोन कुणी उचलायचं नाही. इकडे जिना चढताना धाप लागायची आणि गोळी सुरू करता येत नव्हती. शेवटी मी खिडकीसमोरून हललेच नाही, तेव्हा एक सिस्टर आतून रजिस्टर घेऊन आल्या. रक्त अपुरं पडलं म्हणून सॅम्पल कधीच बाद झालं होतं! पावतीवर माझा मोबाईल नंबर ठळक छापलेला, तरी एक फोन नाही. तो राग अजून गेलेला नाही. दुसऱ्यांदा रक्त देताना रिपोर्टची तारीख पावतीवर लिहून घेतली, तुम्हीही घ्या.

फेरिटिन आलं ६, म्हणजे फारच कमी. शरीरातला लोहाचा साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर घसरतं. म्हणून नुसत्या सीबीसीवर समाधान मानू नका.

गोळी लिंबूपाण्यासोबत घेते, चहा लांब ठेवते. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पूर्ण नवं यायला सहा महिने लागतात. माझं मुळाकडून सपाट येऊ लागलंय आणि मला त्याचा फार आनंद आहे.

हो, दाखवायला जाताना नेलपॉलिश काढून जा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा, थायरॉइडसारखे रिपोर्ट त्याने चुकू शकतात. नखांवरचे पांढरे ठिपके बहुधा बारीक मार लागल्याचे असतात, कॅल्शियमचे नव्हेत. टाचणीने टोचल्यासारखे खड्डे सोरायसिस या त्वचारोगात दिसतात. बोटांची टोकं फुगून नखं गोलाकार वळली तर फुप्फुसं आणि हृदय तपासून घ्या. आणि एकाच नखात नवी काळी उभी रेघ येऊन रुंदावत असेल तर त्याच आठवड्यात दाखवा, त्वचेचा कर्करोग नखाखालीही होतो.