दादाचा हात गेला, भरपाई कोणी द्यायची?

माझा थोरला भाऊ सेंटरिंगचा, म्हणजे स्लॅबखालचा साचा उभारणारा, सुतार. स्लॅब भरताना टेकू सरकले, प्लेटा कोसळल्या आणि त्याचा उजवा हात मनगटापासून काढावा लागला. ठेकेदार दवाखान्यात आला तो थोडे पैसे आणि ‘यापुढे कसलीही मागणी नाही’ असा कागद घेऊन. आम्ही सही केली नाही. हक्क सोडून देणारा असा करार तेव्हा लागू असलेल्या कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ च्या कलम १७ नुसार रद्दच ठरायचा, हे वकीलबाईंनी नंतर सांगितलं. (नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे.)

बिल्डर म्हणे, माणूस ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणे, टेकू यानेच नीट लावले नाहीत. दोन्ही बचाव टिकले नाहीत. त्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मूळ मालकाकडेही, म्हणजे ठेका देणाऱ्या बिल्डरकडेही, भरपाई मागता यायची, आणि कामगाराच्या हलगर्जीपणामुळे हक्क बुडत नाही. दारूची नशा, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणं किंवा सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढणं, एवढेच अपवाद. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर तेही लागू होत नाहीत.

खरी झुंज वेगळीच होती: दादा त्या साईटवर कामाला होता हे सिद्ध करायचं! मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, त्याचं नावच नव्हतं. मग आम्ही मिळेल तो पुरावा जमवला. दवाखान्याच्या पहिल्या नोंदीत ‘बांधकामावर स्लॅब कोसळून’ असं लिहिलं होतं, ते फार कामी आलं. मुकादमाने मोबाईलवर पाठवलेली मजुरी, हजेरीचे मेसेज, अपघाताचे फोटो, सगळं जोडलं. सोबतचे कामगार साक्षीला घाबरत होते. उद्या काम मिळालं नाही तर, ही त्यांची भीती खोटी नव्हती. तरी दोघे उभे राहिले. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

लेखी नोटीस दिली आणि दोन वर्षांच्या मुदतीच्या आत भरपाई आयुक्तांकडे अर्ज केला. मग वाद कमाईची क्षमता किती टक्के गेली यावर आला. कायद्याच्या अनुसूचीत एक हात गेल्यास ६० टक्के धरतात. पण उजव्या हाताशिवाय सुतारकाम कसलं? वकीलबाईंनी १९७५ चा प्रतापनारायण सिंह देव खटल्याचा निकाल दाखवला: डावा हात गमावलेल्या सुताराची कमाईची क्षमता पूर्ण गेली, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं होतं. आमचंही १०० टक्के धरलं गेलं.

हिशेब असा: वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये (२०२० पासून), त्याचे ६० टक्के (हे वेगळे, भरपाईच्या सूत्रातले) ९,०००, वय ३५ असल्याने कायद्यातला वयानुसारचा गुणक १९७.०६. म्हणजे १७,७३,५४० रुपये. महिन्याभरात पैसे न दिल्याने वर १२ टक्के व्याज. दवाखान्याचा खरा खर्चही वेगळा मिळाला.

मालकाला उच्च न्यायालयात अपील करायचं तर आधी रक्कम आयुक्तांकडे भरावी लागायची. बिल्डरने ती भरली, पण अपील केलं नाही. ते पैसे ठेकेदाराकडून वसूल करण्याची वाट त्याला कलम १२ मध्येच होती. तो त्या दोघांचा आपसातला व्यवहार.