चौकोनी जाळी, त्रिकोणी जाळी आणि तिसरा दशांश

मागच्या खेपेला चौकोनी जाळीवरचं आयझिंग मॉडेल, म्हणजे चुंबकाचं साधं गणिती मॉडेल, वोल्फच्या पद्धतीने (ती पुढे सांगते) लॅपटॉपवर रांगेला लागलं होतं. आता तेच त्रिकोणी जाळीवर नेलंय. काम वाटतं तेवढं मोठं नाही. अॅरे चौकोनीच ठेवायचा आणि प्रत्येक स्पिनला नेहमीच्या चार शेजाऱ्यांखेरीज एकाच कर्णावरचे दोन शेजारी द्यायचे. सहा शेजारी झाले की जाळी त्रिकोणी झाली. कागदावर काढली तर ती साठ अंशांत कललेला समभुज चौकोन दिसते, आणि सगळी गंमत पुढे याच कलण्यात निघाली.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात: प्रत्येक ठिकाणी एक स्पिन, म्हणजे एक इवलासा चुंबक, वर किंवा खाली. शेजारचे दोन सारखे असतील तर ऊर्जा उणे १, उलटे असतील तर अधिक १. लाखभर स्पिननी एकाच दिशेला तोंड करावं असा नियम मॉडेलमध्ये कुठेच लिहिलेला नाही. प्रत्येक स्पिन फक्त शेजाऱ्यांकडे बघतो. तरी तापमान एका ठरावीक आकड्याखाली, म्हणजे क्रांतिक तापमानाखाली, गेलं की सगळी जाळी बाजू निवडते. एका रेषेवर हे घडत नाही हे खुद्द आयझिंगने १९२५ मध्ये दाखवलं, आणि दोन मितींतही घडणार नाही असा चुकीचा निष्कर्ष काढला. १९३६ मध्ये पायर्ल्सने तो खोडला, आणि १९४४ मध्ये ऑनसागरने चौकोनी जाळीचं नेमकं उत्तरच काढून दिलं. आपल्यासारख्या हौशी लोकांवर हे मोठे उपकार आहेत, कारण घरच्या लॅपटॉपवर आलेला आकडा बरोबर की चूक हे कुणाला विचारावं लागत नाही.

ऑनसागरचं क्रांतिक तापमान २.२६९. त्रिकोणी जाळीचं ४ भागिले (३ चा नैसर्गिक लॉग), म्हणजे ३.६४१. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनी जाळीचं १.५१९. सरासरी-क्षेत्राचा, म्हणजे शेजाऱ्यांऐवजी त्यांची सरासरी धरणारा, ढोबळ हिशेब म्हणतो की हे तापमान शेजाऱ्यांच्या संख्येइतकं असावं: ३, ४, ६. खऱ्या आकड्यांना त्या संख्येने भागलं तर ०.५१, ०.५७, ०.६१ येतं. शेजारी वाढतील तसा ढोबळ हिशेब खऱ्याच्या जवळ सरकतो, पण अजून बराच लांब. म्हणजे क्रांतिक तापमानाला जाळी पक्की ठाऊक असते. त्या तापमानापाशी राशी किती वेगाने बदलतात ते सांगणाऱ्या घातांकांना ती ठाऊक नसते, असा युनिव्हर्सॅलिटीचा (सार्वत्रिकतेचा) दावा. तो माझ्या आकड्यांत दिसतो का, एवढंच पाहायचं होतं.

आधी तपासणी. वोल्फच्या पद्धतीत एक स्पिन निवडून त्याच्या सारख्या शेजाऱ्यांना एका ठरावीक संभाव्यतेने क्लस्टरमध्ये ओढत जायचं आणि शेवटी अख्खा क्लस्टर उलटवायचा. क्रांतिक तापमानाला ही संभाव्यता चौकोनी जाळीवर २ वजा वर्गमूळ २, म्हणजे ०.५८६. त्रिकोणीवर ०.४२३. शेजारी जास्त, म्हणून प्रत्येक दुव्याचा वाटा कमी. क्लस्टर वाढवण्यासाठी रिकर्शन वापरू नका, मोठ्या जाळीवर स्टॅक फुटतो. साधा अॅरे घेऊन स्वतःचा स्टॅक ठेवा. मेट्रोपोलिसचा एकेक स्पिन उलटवण्याचा मार्ग क्रांतिक बिंदूपाशी चिखलात रुततो. तिथे जाळीची बाजू दुप्पट केली की जुनी स्थिती विसरायला साधारण साडेचारपट वेळ लागतो.

१६ गुणिले १६ च्या चौकोनी जाळीवर क्रांतिक तापमानाला दर स्पिनमागे ऊर्जा उणे १.४५३ यायला हवी. हा आकडा फर्डिनांड आणि फिशर यांच्या १९६९ च्या नेमक्या सूत्रातून मिळतो. मी कोडमध्ये काहीही बदललं की आधी हाच आकडा काढून बघते. अतिसावधपणा वाटेल, पण १९९२ मध्ये फेरेनबर्ग, लँडाऊ आणि वाँग यांनी नेमक्या याच जाळीवर दाखवलं की तोवर चांगले मानले जाणारे काही यादृच्छिक आकड्यांचे जनरेटर वोल्फच्या पद्धतीत चुकीची ऊर्जा देतात, आणि साध्या मेट्रोपोलिसमध्ये तेच बरे वागतात. पद्धत जितकी हुशार तितकी ती आकड्यांमधले लपलेले संबंध उकरून काढते. त्रिकोणी जाळीसाठी कसोटी आणखी सुबक आहे: अनंत जाळीवर क्रांतिक बिंदूला ऊर्जा बरोबर उणे २. लहान जाळ्यांवर आकडा त्याच्या थोडा खाली येतो आणि बाजू वाढवली की वर सरकतो. तसाच सरकला.

आता घातांक. क्रांतिक बिंदूला चुंबकनाच्या (सगळ्या स्पिनच्या सरासरीच्या) वर्गाची सरासरी जाळीच्या बाजूच्या उणे पाव घाताने कमी होते. हा पाव घात किती आळशी आहे हे आलेख काढेपर्यंत कळत नाही. बाजू १६ वरून २५६ केली, म्हणजे स्पिन २५६ पट झाले, आणि सरासरी उतरली फक्त निम्म्यावर. चौकोनी जाळीवर १६ ला साधारण ०.५५, २५६ ला ०.२७. ती दहाव्या हिश्श्यावर आणायची तर बाजू दहा हजारपट करावी लागेल. ‘क्रांतिक तापमानाला चुंबकन शून्य व्हायला हवं ना, माझं का होत नाही?’ असा प्रश्न ज्यांना पडलाय त्यांना उत्तर हेच, तुमच्या कोडमध्ये काही बिघडलेलं नाही. आणखी एक सोय म्हणजे वोल्फच्या क्लस्टरचा सरासरी आकार भागिले एकूण स्पिन ही नेमकी हीच सरासरी असते. २५६ च्या जाळीवर एका फटक्यात सरासरी पाव जाळीहून जास्त भाग उलटतो. स्क्रीनवर ते पाहत बसायला मजा येते, रात्रीचं जेवण लांबतं.

त्रिकोणी जाळीवर लॉग-लॉग आलेखाचा उतार तोच आला, पाव. ससेप्टिबिलिटीचा (बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राला जाळी किती प्रतिसाद देते त्याचा) उतार १.७५ च्या आसपास, ऑनसागरच्या जगातला सात चतुर्थांश. पण खरं सांगायचं तर मला याने फारसं समाधान झालं नाही. उतार डोळ्याला नेहमीच बरे दिसतात. सगळे बिंदू एका वक्रावर आणण्याचा जो प्रसिद्ध खेळ आहे, त्यात दोन जाळ्यांची तुलना करताना आडव्या अक्षाला एक आणि उभ्या अक्षाला एक असे दोन गुणक आपल्या हातात असतात. दोन खुंट्या पिळायला मिळाल्या की बरंच काही जुळतं.

म्हणून बिंडर क्युम्युलंट नावाच्या आकड्याकडे वळले. चुंबकनाच्या चौथ्या घाताची सरासरी घ्यायची, तिला वर्गाच्या सरासरीच्या वर्गाने भागायचं, त्याचा तिसरा हिस्सा एकातून वजा करायचा. थंड जाळीवर दोन तृतीयांश, तापलेल्या मोठ्या जाळीवर शून्य. क्रांतिक बिंदूला मात्र तो जाळीच्या आकारमानावर अवलंबून राहत नाही आणि एका ठरावीक आकड्यावर थांबतो. उभ्या अक्षाची खुंटीच नाही, त्यामुळे लपायला जागा नाही. कडा एकमेकींना जोडलेल्या चौकोनी जाळीवर तो आकडा ०.६१०७. माझा त्यावर बसला.

त्रिकोणी जाळीवर आला ०.६११८.

फरक तिसऱ्या दशांशातला, पण आकडेवारीतल्या चुकीच्या पल्ल्याच्या बाहेर. जनरेटर बदलला, गणती वाढवली, आकडा हलला नाही. तो हलायला नकोच होता. १९९३ मध्ये कामिएन्याश आणि ब्ल्योटे यांनी ट्रान्सफर मॅट्रिक्सने (यादृच्छिक आकडे न वापरणाऱ्या गणिती पद्धतीने) याच दोन जाळ्यांसाठी हेच दोन वेगवेगळे आकडे काढलेले आहेत. युनिव्हर्सॅलिटी मोडली का? नाही. क्रांतिक बिंदूला सहसंबंध अख्ख्या जाळीभर पसरलेले असतात, त्यामुळे व्यवस्था अणुरेणूंची मांडणी विसरली तरी खोलीचा आकार विसरत नाही. माझी चौकोनी जाळी खरोखर चौकोन होती, त्रिकोणी मात्र कललेला समभुज चौकोन. दोघींना वेगळ्या खोल्या दिल्या होत्या.

मग त्रिकोणी जाळी चौकोनी खोलीत बसवायची ठरवली. यासाठी कर्णाची युक्ती सोडून एकाआड एक ओळ अर्ध्या घराने सरकवावी लागते. सम ओळींत तिरके शेजारी एका बाजूचे, विषम ओळींत दुसऱ्या बाजूचे. ओळींची संख्या सम हवी, नाहीतर वरची कड खालच्या कडेला जोडताना अर्ध्या घराची तिरपी शिवण पडते आणि खोलीचा आकारच बदलतो. दोन ओळींमधलं अंतर ०.८६६ घर. तेव्हा ५२ स्तंभ आणि ६० ओळी घेतल्या तर रुंदी ५२, उंची ५१.९६. याहून चांगला चौकोन लहान आकड्यांत मिळणं कठीण. २६ गुणिले ३० आणि १०४ गुणिले १२० हेही त्याच प्रमाणातले.

या जाळीवर, शेजारी सहाच, तापमान तेच ३.६४१, आणि बिंडर उतरून ०.६१०७ वर आला. पुन्हा तपासलं, तिथेच. सात चतुर्थांशाच्या उतारापेक्षा मला हा आकडा जास्त पटवून गेला. जाळी बदलली तर फरक पडत नाही आणि खोली बदलली तर पडतो, या दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात वेगळ्या झालेल्या दिसतात.

प्रत्यक्ष पदार्थांत सगळे बिंदू एका वक्रावर आणण्याचा खेळ दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस गुगेनहाइमने मांडला होता. निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, नायट्रोजन, ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेन या आठांचे द्रव-वायू घनतेचे आकडे त्याने प्रत्येकाच्या क्रांतिक तापमानाने आणि घनतेने भागले, आणि ते जवळपास एका वक्रावर आले. घातांक त्याने एक तृतीयांश धरला. तीन मितींच्या आयझिंगचा आज माहीत असलेला घातांक ०.३२६ आहे. कडॅनॉफ आणि विल्सन यांनी कारण सांगायला आणखी वीस-पंचवीस वर्षं लागली.

पुढचं काम वाळूच्या ढिगाचं, म्हणजे १९८७ चं बाक, टांग आणि वीझनफेल्ड यांचं मॉडेल. एका घरात चार कण झाले की ते चारही शेजाऱ्यांना एकेक देऊन टाकतं, कडेचे कण बाहेर पडतात. इथे तापमानाचं बटणच नाही, ढीग आपणहून क्रांतिक स्थितीला जातो. घरं कोणत्या क्रमाने कोसळवली तरी शेवटची स्थिती एकच राहते, हे आणि त्यातून येणारं सुंदर बीजगणित दीपक धर यांनी १९९० मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना दिलं. नंतर ते पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत गेले. सांख्यिकी भौतिकीतलं मानाचं बोल्ट्झमान पदक त्यांना २०२२ मध्ये मिळालं. कसोटीला इथेही नेमका आकडा आहे. मजुमदार आणि धर यांच्या हिशेबाने मोठ्या ढिगात पूर्ण रिकाम्या घरांचं प्रमाण ७.३६ टक्के. कोड चालू झालाय, पण कडेजवळ हे प्रमाण वेगळं असतं, म्हणून मोजणी मधल्या चौकोनापुरती ठेवलीय. तो चौकोन कडेपासून किती आत घ्यावा यावर सध्या अडकलेय. कुणी हे केलं असेल तर जरूर सांगा.